पावणेचार मिलिलिटर

गुरुवारी सकाळी ६:०५ ला टँकमधलं पाणी ताकाच्या निवळीसारखं झालं होतं. सात माशांपैकी सहा मेले होते. कोळंबी मेली होती, लेदर कोरल मिटून दगडाला चिकटलं होतं. कुठलं विष पडलं नव्हतं, काच फुटली नव्हती, तापमान नेहमीचंच होतं, २७ अंश. पाण्यात प्राणवायू उरला नव्हता, एवढंच.

शेवटचा मोठा मासा पहाटे ४:१० च्या सुमारास गेला असं धरून पुढचं घड्याळ लावलं आहे. हा टँक कोणा एका माणसाचा नाही. रीफ टँक ज्या तऱ्हेने जातात त्याचा हा जुळवलेला नमुना आहे: पुण्यातला एक फ्लॅट, मे महिना, वळवाचे दिवस. माणसं आणि वेळा नमुन्याच्या आहेत, प्राणवायूचा हिशेब खरा आहे.

६ आठवडे आधी

टँक चार फुटी. खालची टाकी, म्हणजे संप, धरून आणि दगड-वाळू वजा जाता पाणी ४०० लिटर. मासे सात: दोन क्लाउनफिश, दोन बंगाई कार्डिनल, एक सिक्स-लाइन रास, एक ब्लेनी आणि एक ब्लू टँग. कोरल सगळी मऊ जातीची: लेदर, मश्रूम, झोआंथिड. दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणून मालकांनी त्यांचा नाद केला नव्हता.

नायट्रेट ४०, फॉस्फेट ०.१५. दोन्ही जास्त. दर पंधरवड्याला ६० लिटर पाणी बदललं तरी एका वेळी १५ टक्केच घट होते, आणि दोन आठवड्यांच्या खाण्यात ती भरून निघते. समुद्री मीठ स्वस्त नाही. मालकांनी कार्बन डोसिंग करायचं ठरवलं.

कल्पना साधी आहे. टँकच्या पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर असतात, बॅक्टेरियांना कमी पडतो तो कार्बन. समुद्रातल्या प्लवकांमध्ये या तिघांचं प्रमाण जवळपास ठरलेलं असतं, हे आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये दाखवलं. पुढे ते प्रमाण १०६:१६:१ असं रूढ झालं. कार्बन बाहेरून दिला की बॅक्टेरिया वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट अंगात घेतात, आणि स्किमर, म्हणजे पाण्यात हवा घालून फेस काढणारं यंत्र, त्या बॅक्टेरियांना फेसाबरोबर बाहेर काढतो. कार्बन म्हणून काय द्यायचं? साखर, व्हिनेगर किंवा व्होडका. व्होडकाची मात्रा मोजायला सोपी असते आणि तिला रंग-वास लावलेला नसतो.

रूढ सुरुवात १०० लिटरला ०.१ मिली. मालकांनी पहिल्या दिवशी सिरिंजने ०.४ मिली दिली. वेळ सकाळी ८. वही सुरू केली.

१९ दिवस आधी

मात्रा १.८ मिली. नायट्रेट २५. वहीत त्यापुढे बरोबरची खूण.

संपमध्ये रिटर्न पंपाच्या पाइपला पांढरा, लोंबता थर दिसला. हा बॅक्टेरियांचाच साका. तो दिसला की मात्रा वाढवायची नाही, जमलं तर थोडी उतरवायची, असा शौकिनांमध्ये संकेत आहे. मालकांनी पाइप काढला, बेसिनमध्ये ब्रशने घासला आणि परत बसवला.

१२ दिवस आधी

आठवड्याला अर्धा मिली वाढवायचा, हा नियम होता. या दिवशी मात्रा २.३ वरून थेट ४ वर गेली. कारण वहीत आहे: फॉस्फेट हलत नाही.

फॉस्फेट हलत नसेल तर कार्बन वाढवणं हा इलाज असतोच असं नाही. नायट्रेट फॉस्फेटच्या कितीतरी पट लागतं, त्यामुळे ते आधी उतरतं आणि फॉस्फेट मागे राहतं. फॉस्फेटसाठी लोहाचं माध्यम मिळतं, एका पिशवीत भरून संपमध्ये ठेवता येतं. तो दुसरा खर्च होता आणि व्होडकाची बाटली घरात अर्धी होती.

९ दिवस आधी

पीएच मॉनिटरचा अलार्म रात्री १:२० ला वाजला. तो ७.७ ला लावलेला होता. रात्री कोरल आणि दगडांवरचं शेवाळ प्रकाशाविना श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो. बंद खोलीत एसी चालू असेल तर आणखी उतरतो. घरातले सगळे उठले. मालकांनी अलार्म ७.५ वर नेला.

पीएच मॉनिटर प्राणवायू मोजत नाही. पण बॅक्टेरिया प्राणवायू घेतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून पीएचची घसरण ही प्राणवायूच्या घसरणीची सावली असते. घरी दुसरं कुठलंही यंत्र ती सावलीसुद्धा दाखवत नव्हतं.

५ दिवस आधी

नायट्रेट ८. लक्ष्य होतं ५.

स्किमरचा कप दोन दिवसांत पाव भरला, एरवी निम्मा भरायचा. पाणी स्वच्छ झालं म्हणून घाण कमी निघते, असा अर्थ लावला गेला. दुसराही अर्थ होता. हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी मिठाचा खडा धरला होता आणि स्किमरमध्ये हवा कमी जात होती. गरम पाण्यात पाच मिनिटं धरला की हा खडा विरघळतो.

स्किमरकडे आपण गाळणी म्हणून बघतो. कार्बन डोसिंगच्या टँकमध्ये त्याचं मोठं काम वेगळं असतं. तो पाण्यात सतत हवा कालवत असतो. खुद्द व्होडकाला तो बाहेर काढू शकत नाही, कारण अल्कोहोल बुडबुड्यांना चिकटत नाही. पेन स्टेट विद्यापीठाच्या केन फेल्डमन यांनी केलेल्या मोजणीत तर स्किमर पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनचा साधारण २० ते ३० टक्केच भाग काढतात असं दिसलं. एकदा मात्रा पाण्यात गेली की ती बॅक्टेरियांनीच संपवायची असते, आणि संपवायला प्राणवायू लागतो.

सोमवार आणि मंगळवार

घरचे सगळे सांगलीला लग्नाला. माशांना शेजारच्यांनी ठरल्याप्रमाणे खाणं घातलं. व्होडकाचं काम शेजाऱ्यांना सांगणं मालकांना अवघड वाटलं. दोन मात्रा चुकल्या.

बुधवार, सकाळी ८:००
उरले २० तास १० मिनिटं

तिसरी मात्राही चुकली. घरचे अजून सांगलीतच होते.

इथपर्यंत काही बिघडलेलं नाही. तीन दिवस कार्बन मिळाला नाही तर बॅक्टेरिया थोडे कमी होतात, नायट्रेट एखाद्या अंकाने चढतं. गुरुवारी सकाळी नेहमीची किंवा निम्मी मात्रा दिली असती तर वहीत तीन रिकाम्या जागा राहिल्या असत्या, बस.

सायंकाळी ६:१५
उरले ९ तास ५५ मिनिटं

वळीव. अर्धा तास पाऊस, वारा जास्त. मागच्या रस्त्यावर गुलमोहराची फांदी तारांवर पडली. ६:२० ला वीज गेली, ७:३५ ला आली. तात्पुरती जोडणी झाली होती.

इन्व्हर्टरच्या लाइनवर पंखे, दिवे आणि वायफाय आहेत. टँक नाही. दोन वर्षांपूर्वी टँकची विजेची पट्टी त्यावर होती, पण हीटर सुरू झाला की इन्व्हर्टर ट्रिप व्हायचा. हीटर वेगळा करून बाकीची पट्टी ठेवता आली असती. पूर्ण पट्टीच काढली गेली.

रात्री ८:३०
उरले ७ तास ४० मिनिटं

मालक घरी आले. मासे ठीक. लेदर कोरलचा एक तुकडा दगडावरून खाली पडलेला दिसला. तो एपॉक्सी पुटीने परत बसवला. दोन बोटं मावतील एवढी पुटी.

रात्री १०:१०
उरले ६ तास

स्किमर उतू जाऊ लागला. ताज्या एपॉक्सीने असं होतं, पाण्याचा पृष्ठताण बदलतो आणि फेस आवरत नाही. कप भरून संपच्या कपाटात पाणी सांडलं. एक्स्टेंशन बोर्डाच्या चार इंच अलीकडेपर्यंत ओल आली होती.

मालकांनी स्किमरचं बटण बंद केलं. विजेपाशी ओल असताना हे बरोबरच होतं. कप काढून, नुसती हवा चालू ठेवून, फेस परत संपमध्ये पडू देता आला असता. एपॉक्सीच्या रात्री बरेच जण तेच करतात. पण सहा तासांचा प्रवास झाला होता. सकाळी लावू, असं ठरलं.

रात्री १०:३०
उरले ५ तास ४० मिनिटं

टँकचे दिवे टायमरने बंद झाले. प्रकाशसंश्लेषण थांबलं. इथून सकाळपर्यंत टँकमध्ये प्राणवायू तयार करणारं काही नाही. जो यायचा तो हवेतूनच, आणि हवा कालवणारं यंत्र वीस मिनिटांपूर्वी बंद झालं होतं. पाण्याचा पृष्ठभाग हलवायला दोन वेव्हमेकर आणि रिटर्न पंप उरले.

रात्री १०:४०
उरले ५ तास ३० मिनिटं

वहीत तीन रिकाम्या जागा होत्या. मालकांनी १० मिलीची सिरिंज घेतली, एकदा पूर्ण भरली आणि मग २ मिलीपर्यंत. एकूण १२ मिली. तीन दिवसांचे चार-चार. वहीतल्या तिन्ही जागा भरल्या.

आता हिशेब. भारतात विकल्या जाणाऱ्या व्होडकात साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे १ मिलीत ०.३४ ग्रॅम. एवढं अल्कोहोल पूर्ण जाळायला बॅक्टेरियांना ०.७ ग्रॅम प्राणवायू लागतो.

दुसरी बाजू. २७ अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. गोड्या पाण्यात थोडा अधिक मावतो, खाऱ्यात कमी, आणि पाणी जितकं कोमट तितका आणखी कमी. ४०० लिटरमध्ये सगळा मिळून २.६ ग्रॅम. हा पूर्ण साठा संपवायला सुमारे पावणेचार मिली व्होडका पुरते.

रोजची ४ मिली मात्रा म्हणजेच टँकमधल्या एकूण प्राणवायूएवढं कर्ज होतं. नऊ दिवस ते रोज फिटत होतं, कारण मात्रा सकाळी पडायची, दिवसभर दिवे असायचे आणि स्किमर अर्ध्यामुर्ध्या हवेवर का होईना चालायचा. वहीत या कर्जाचा रकाना नव्हता. मात्रेशिवाय रकाने दोनच होते, नायट्रेट आणि फॉस्फेट, आणि दोन्ही सुधारत होते.

१२ मिलीला ८.४ ग्रॅम लागतात. साठ्याच्या सव्वातीन पट. सगळं अल्कोहोल जळत नाही, बराचसा कार्बन बॅक्टेरियांच्या नव्या पेशींत जातो. निम्मा जळाला असं धरलं तरी ४.२ ग्रॅम. साठा २.६.

नव्या टँकमध्ये हे हळू झालं असतं. इथे सहा आठवडे रोज व्होडका पचवलेले बॅक्टेरिया दगडावर, वाळूत, पाइपांत तयार बसले होते आणि अडीच दिवस उपाशी होते.

रात्री ११:३५
उरले ४ तास ३५ मिनिटं

मुलगी सीईटीचा अभ्यास करत जागी होती. पाणी प्यायला बाहेर आली. हॉलचा दिवा लागला तेव्हा टँक तिला धूसर दिसला.

“बाबा, पाणी ढगाळ झालंय.”

“पुटी लावलीय ना आज. आणि बॅक्टेरिया वाढतात थोडे. उद्या जाईल.”

“स्किमर बंद आहे?”

“उतू जातोय. झोप आता, बारा वाजत आले.”

दोन्ही उत्तरं खरी होती. पीएच ७.९५.

रात्री १२:५०
उरले ३ तास २० मिनिटं

पीएच ७.८१. मॉनिटर दर पाच मिनिटांनी नोंद ठेवतो, म्हणून हे आकडे नंतर वाचता आले. बहुतेक रात्री इतका उतार पहाटे पाचच्या पुढे यायचा. हॉलची दारं-खिडक्या वळवानंतर डासांमुळे बंद होत्या.

रात्री १:१५
उरले २ तास ५५ मिनिटं

मुलगी पुन्हा बाहेर आली. या वेळी दिवा न लावता मोबाइलचा टॉर्च. कोळंबी एरवी दगडाखाली असते, ती काचेवर अगदी पाण्याच्या रेषेपाशी होती. टँग ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी संपमध्ये उतरवणाऱ्या खोक्याच्या, दातांशी तोंड वर करून उभा होता. टॉर्चमुळे मासे जागे झाले असं तिला वाटलं. तिने टॉर्च बंद केला.

रात्री झोपलेला टँग दगडाच्या कपारीत आडवा असतो. तो पृष्ठभागाशी येतो कारण हवेला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात प्राणवायू जरा जास्त असतो. हे चिन्ह माहीत असणारा माणूस दहा फुटांवर झोपला होता.

रात्री १:४०
उरले २ तास ३० मिनिटं

पीएच ७.६९. अलार्म नऊ दिवसांपूर्वी होता तिथे असता तर आता वाजला असता. प्राणवायू तोपर्यंत निम्म्याच्या आसपास आला असावा. पंप चालू होते, स्किमर दोन मिनिटांत लावता आला असता, नळीतला खडा काढला नसता तरीही.

रात्री २:०५
उरले २ तास ५ मिनिटं

संध्याकाळची तात्पुरती जोडणी सुटली. वीज गेली. पीएचचा आलेख इथे तुटतो. शेवटची नोंद ७.६२.

वेव्हमेकर थांबले, रिटर्न पंप थांबला. पाणी संपमध्ये उतरलं आणि पृष्ठभाग सपाट झाला. शयनगृहात पंखा इन्व्हर्टरवर चालू राहिला, त्यामुळे कोणी उठलं नाही.

कपाटाच्या खणात चार्जिंगचा एअर पंप होता. पूर्ण चार्ज असेल तर सहा तास चालणारा, वीज गेली की आपोआप सुरू होणारा. तो शेवटचा चार्ज केला होता गणपतीत. भिंतीतल्या सॉकेटला लावून ठेवायचा असतो, त्या सॉकेटला मोबाइलचा चार्जर होता.

रात्री २:४०
उरला दीड तास

थांबलेल्या पाण्यात हवेतून प्राणवायू उतरायला फार वेळ लागतो. वापर चालूच होता, आणि वापरणारे मुख्यतः मासे नव्हते. सात माशांचा वाटा बॅक्टेरियांपुढे किरकोळ होता.

कोरलच्या अंगावरच्या चिकट थरातही हेच चालू असतं. सॅन डिएगोच्या डेव्हिड क्लाइन, फॉरेस्ट रोवर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोरलांना साध्या शर्करा दिल्या. त्या थरातले सूक्ष्मजीव सुमारे दहा पट वेगाने वाढले आणि कोरल मेले. नायट्रेट, फॉस्फेट वाढवून तसं झालं नाही. रीफ टँकवाले ज्या दोन आकड्यांना सर्वांत जास्त भितात, त्यांच्याबद्दल ही गोष्ट बाजूला लिहून ठेवण्यासारखी आहे. उलट टोकाचाही इशारा आहे: साउदॅम्प्टनच्या योर्ग वीडेनमान यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटचा दुष्काळ अशा पाण्यात कोरल उष्णतेला आणि प्रकाशाला लवकर बळी पडतात, रंग टाकतात. शून्याच्या जवळ जाणं हे स्वतःहून यश नव्हे.

रात्री ३:१०
उरला १ तास

कार्डिनल बहुधा या सुमारास गेले. रासही. सकाळी तो वाळूवर सापडला.

पहाटे ३:४०
उरली ३० मिनिटं

क्लाउनफिशची जोडी टँकच्या मागच्या कोपऱ्यात, पृष्ठभागापासून बोटभर खाली. ती सकाळी तिथेच तरंगताना दिसली, म्हणून हा अंदाज. कोळंबी काचेवरून सुटली.

पहाटे ४:१०

टँग.

पहाटे ४:५५

वीज आली. पंप आपोआप सुरू झाले. स्किमरचं बटण बंदच होतं. मॉनिटरची पहिली नोंद ७.३१, आणि अलार्म वाजला. त्याचा आवाज शयनगृहात एसीच्या सुरू होण्यात मिसळला.

सकाळी ६:०५

मालक उठले.

सकाळी ६:२०

स्किमर सुरू. खिडक्या उघडल्या. एअर पंप वायर लावून टँकवर. ब्लेनी जिवंत सापडला. तो ओव्हरफ्लोच्या खोक्यात, दोन दातांच्या मध्ये, अर्धा पाण्याबाहेर बसलेला होता. ब्लेनींच्या कुळात भरती-ओहोटीच्या खडकांवर राहणाऱ्या जाती आहेत, कमी प्राणवायूची त्यांना सवय असते.

सकाळी ७:००

मेलेले मासे काढले. सहा. गोगलगाई मोजल्या नाहीत, त्या दगडांत होत्या, आणि आता त्याच अमोनियाचं मूळ होणार होत्या. निम्मं पाणी तरी लगेच बदलायला हवं होतं, म्हणजे २०० लिटर. तयार खारं पाणी ४० लिटर होतं. आरओ तासाला १२ लिटर देतो, पण गुरुवार होता, दुरुस्तीसाठी पालिकेचं पाणी बंद. सोसायटीच्या टाकीत होतं ते जपून वापरायची सूचना लिफ्टजवळ लागली होती.

सकाळी ८:१५

मालकांनी तपासण्या केल्या. अमोनिया ०.२५. फॉस्फेट ०.०६. नायट्रेट ३. तिन्ही वहीत लिहिले, वेळेसह.

दुपारी २:३०

अमोनिया १. ब्लेनीला बादलीत हलवलं: तयार पाण्यातलं २० लिटर, एक एअरस्टोन, पाइपचा एक तुकडा आडोशाला. उरलेलं २० लिटर झोआंथिडच्या दगडासाठी दुसऱ्या बादलीत ओतलं. लेदर टँकमध्येच ठेवलं, त्याचा दगड बादलीत मावत नव्हता.